पन्नाशी उलटलेल्या माणसाने जर्सी घालून मॅचला जावं का?

बसवाला वडाळा

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या, कारण गोष्ट मनाला लागली आहे.

माझं वय ५४. बेस्टमध्ये कंडक्टर आहे. सत्तावीस वर्षं अंगावर खाकी आणि छातीवर बिल्ला. मुलगी २४ वर्षांची, लोअर परळला नोकरी करते. या सीझनला तिने मुंबई इंडियन्सच्या मॅचची चार तिकिटं काढली. ऑफिसातले दोघं, ती आणि मी. वानखेडेच्या आत मी किती वर्षांनी जाणार होतो ते तिला माहीत होतं, म्हणूनच तिने माझं तिकीट काढलं.

निघायच्या वेळी मी माझी निळी जर्सी चढवली. भारताची, २०११ची, सचिनचा दहा नंबर. मॅच मुंबईची असली तरी मी तीच घालतो, माझ्याकडे एकच आहे. चपला घालता घालता पोरगी म्हणाली, "बाबा, साधा शर्ट घाला ना प्लीज. या वयात ते पाठीवर नाव वगैरे..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मी आत गेलो, चौकड्यांचा शर्ट घातला आणि आम्ही निघालो.

चर्चगेटला उतरलो तर सबवेपासून सगळं निळंच निळं. स्टँडमध्ये आमच्या पुढच्या रांगेत माझ्यापेक्षा मोठे गृहस्थ, डोक्यावरचे सगळे केस पिकलेले, पाठीवर रोहितचा ४५ नंबर, मांडीवर नातू. ते उठले की आजूबाजूचे उठत होते. मला मात्र ओरडावंसं वाटूनही आवाज फुटेना. लग्नघरी आहेर घेऊन आलो, पण पंगतीत कुठे बसायचं ते कुणी सांगितलं नाही, तसं काहीसं. मॅच चांगली झाली. पोरगी खूश होती. परतीच्या लोकलमध्ये मी फार बोललो नाही आणि तेही तिला कळलं.

आता त्या जर्सीबद्दल सांगतो. ३० मार्च २०११ला मोहालीत आपण पाकिस्तानला हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी चर्चगेटच्या फुटपाथवरून ती घेतली. तो अडीचशे म्हणत होता, मी एकशेऐंशी दिले. २ एप्रिलला आमच्या वसाहतीत पडदा लावला होता. सेहवाग शून्यावर गेला, मग मलिंगाच्या बॉलवर सचिन १८ वर गेला, तेव्हा अख्खी वसाहत गप्प झाली. एकाने मागून मला सांगितलं, "दहा नंबर, काढ ती, पनवती आहे." मी काढली नाही. गंभीरच्या ९७ होईस्तोवर कुणी जागचं हललं नाही, आणि धोनीने कुलसेकराला सिक्स मारली तेव्हा ज्याने काढ म्हटलं होतं त्यानेच मला उचललं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. माझ्या खांद्यावर बसून तिने त्या जर्सीची कॉलर घट्ट धरली होती.

त्याआधीची एक गोष्ट. २००७ला टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकून टीम आली आणि विमानतळापासून वानखेडेपर्यंत उघड्या डबलडेकरवरून मिरवणूक निघाली. गाडी आमच्या बेस्टची होती. मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. माझी बस गर्दीत अडकून पडलेली, पाऊस, पॅसेंजर उतरून मिरवणूक बघायला पळाले आणि मी रिकाम्या गाडीत तिकिटांची पेटी सांभाळत उभा. गाडी सोडता येत नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून ४ जुलै २०२४ला, पुन्हा तोच कप जिंकून टीम मुंबईत आली तेव्हा, मी रजा टाकली, जर्सी घातली आणि दुपारपासून मरीन ड्राइव्हवर जाऊन उभा राहिलो. टीमला यायला संध्याकाळ झाली. चेंगराचेंगरी होती, दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चपलांचे ढीग पडले होते. पण गाडी समोरून गेली तेव्हा मी तिथे होतो, आणि माझ्या मर्जीच्या कपड्यांत होतो.

मला विचारायचंय ते हेच. खाकीचा मला अभिमान आहे, पण ती नोकरीने दिली. बिल्ल्यावरचा नंबर ऑफिसने दिला. जर्सी हा एकच कपडा असा आहे की मी कुणाच्या बाजूचा आहे ते मी स्वतः ठरवून अंगावर घातलंय. ती घालून मी काही खेळाडू होत नाही, मला तसं वाटतही नाही. तर याला वय असतं का? आणि दुसऱ्याचं नाव पाठीवर घेणं मोठ्या माणसाला शोभत नाही, असं तुम्हालाही वाटतं का? स्पष्ट सांगा.

जुना दादरकर

स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो. मला शोभत नाही असंच वाटतं. वयाचा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे, वीस वर्षांच्या पोरालाही मी हेच म्हणेन.

मी ७३ वर्षांचा आहे. ५ नोव्हेंबर १९८७ला वानखेडेवर होतो, वर्ल्ड कपची सेमीफायनल. ऑफिसला जातो तसा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पिशवीत डबा आणि धावा टिपायला वही. ग्रॅहॅम गूच मनिंदर आणि शास्त्रीला स्वीप मारत राहिला, ११५ केल्या. गावसकरचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, चार धावांवर त्याचा त्रिफळा उडाला. आपण ३५ धावांनी हरलो. हजारो माणसं चर्चगेटपर्यंत एक शब्द न बोलता चालत गेली. एकाच्याही अंगावर जर्सी नव्हती, आणि त्यातला एकही माणूस तुमच्यापेक्षा कमी भारताचा नव्हता.

नसणारच. १९८३ला कप जिंकला तो संघही पांढऱ्याच कपड्यांत होता. रंगीत कपडे केरी पॅकर या टीव्हीवाल्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात आणले, वर्ल्ड कपमध्ये ते आले १९९२ला. आपला तो गडद निळा, खांद्यावर रंगीत पट्टे असलेला. पाठीवर नंबर आले १९९९च्या वर्ल्ड कपला. मग ते सगळं दुकानात आलं. लोक परंपरा म्हणतात तिचं वय एवढंच आहे.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. संघाचा कपडा निवड झालेल्याने घालायचा असतो. आमच्या क्लबाची टोपी मिळायला मी कांगा लीगचे, म्हणजे मुंबईतल्या क्लबांच्या पावसाळी स्पर्धेचे, चार पावसाळे राखीव म्हणून काढले. चिखलात बॉल शोधला, मॅट अंथरली, रोलर ओढला. टोपी मिळाली त्या दिवशी घरी जाऊन आधी देवापुढे ठेवली. ती आजही कपाटात आहे आणि माझ्या मुलालाही मी ती डोक्यावर घालू दिलेली नाही. मुंबईच्या रणजी टोपीवर सिंह आहे. मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकली, शेवटची मार्च २०२४मध्ये, वानखेडेवरच, विदर्भाला हरवून. तो सिंह अंगावर यायला मुंबईत पोरं आठव्या वर्षापासून पहाटेची लोकल पकडतात, कमरेएवढी किटबॅग ओढत. तोच कपडा पैसे टाकून कुणालाही मिळावा हे मला पटत नाही.

तुम्ही खेळावर जीव लावणारे आहात हे पत्रावरून दिसतंच. त्या जिवाला कापड लागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

अंधेरी फुटबॉलवाला

बसवाले काका, मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या मॅचला अंधेरीच्या स्टेडियममध्ये वेस्ट ब्लॉक ब्लूज या चाहत्यांच्या घोळक्यात बसतो. तिथे आकाशी जर्सी नसली तर शेजारचा आपली काढून देतो. पन्नाशीचे लोक आहेत, एक आजीही येतात.

एक माहिती मात्र द्यायला हवी. चाहत्यांसाठी संघासारखे शर्ट विकायला इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात सुरुवात झाली, लीड्स युनायटेड आणि ॲडमिरल कंपनीपासून. आणि ते लहान मुलांसाठीच होते, मोठ्या मापांचा विचारच नव्हता. म्हणजे "हा पोरांचा कपडा" म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकत नाही. पण ती पोरं मोठी झाली आणि त्यांनी शर्ट सोडला नाही. पुढे कंपन्यांनी मापं वाढवली. माणसांनी आधी घातलं, दुकानं नंतर आली, असं मी याकडे बघतो.

नेरुळची लेक

काका, तुमची पोरगी खांद्यावर बसल्याची आठवण मी दोनदा वाचली.

माझ्या आईचं सांगते. ती ६६ वर्षांची. लहानपणी भांडुपला पालिकेच्या शाळेच्या मैदानात मुलांबरोबर बॉलिंग टाकायची. आठवीत गेल्यावर घरून बंद केलं. पुढे आयुष्यभर तिने क्रिकेट स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, हातात पोळपाट-लाटणं, डोळे टीव्हीकडे. २०१७ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कपच्या फायनलला आपल्या मुली नऊ धावांनी हरल्या तेव्हा ती रडली आणि मी तिच्यासाठी मुलींच्या टीमची जर्सी शोधली. मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, "कोहलीची देऊ का, तीच आहे."

२ नोव्हेंबर २०२५ला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल होती, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. त्याआधी सेमीफायनलला जेमिमाने ऑस्ट्रेलियासमोर नाबाद १२७ केल्या होत्या, ३३९चा पाठलाग. वांद्र्याची मुलगी. आई म्हणाली, मला पाच नंबर हवा. तीन दुकानं फिरले, शेवटी कोऱ्या जर्सीवर नंबर टाकून घेतला. आईने ती साडीवर घातली. पदर आत खोचला आणि वर जर्सी. पाऊस पडत होता, खेळ सुरू व्हायलाच पाच वाजले, संपला तेव्हा मध्यरात्र झाली होती. आई एकदाही घरी जाऊ म्हणाली नाही. शफालीच्या ८७ झाल्या, दीप्तीने पाच विकेट काढल्या, शेवटचा कॅच हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतला आणि आईने शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. त्या बाईंच्या अंगावर स्मृतीचा अठरा नंबर होता.

दादरकर काका, तुमच्या टोपीबद्दल वाचून मनापासून आदर वाटला. पण तुम्ही म्हणता निवड झालेल्यानेच घालावं. माझ्या आईला निवडायला कुणी आलंच नव्हतं.

आणि बसवाले काका, दुसऱ्याचं नाव पाठीवर घेण्यात कमीपणा कसला? आपल्याकडे बायका लग्नानंतर आयुष्यभर दुसऱ्याचं नाव वागवतात, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. आईने पहिल्यांदा स्वतः निवडलेलं नाव पाठीवर घेतलं, आणि तेही पंचविशीतल्या मुलीचं.

प्रिंटवाला नव्वद फूट

जय महाराष्ट्र. धारावीत नव्वद फूट रोडला आमचं जर्सी छपाईचं काम आहे, वडिलांपासून. म्हणून धंद्याच्या बाजूने सांगतो.

वयाचं विचाराल तर आमच्याकडे सर्वांत मोठी घाई गोकुळाष्टमीच्या आधी असते. गोविंदा पथकांचे टी-शर्ट. पुढे मंडळाचं नाव, पाठीवर विभाग. शेकड्यांनी नग. खालच्या थराला कोण उभं असतं? चाळीस-पन्नासची दणकट माणसं. त्यांना आजवर कुणी म्हटलं नाही की या वयात टी-शर्ट कशाला. गणपतीत मंडळाचे, मग नोव्हेंबरपासून सोसायट्यांच्या टेनिस क्रिकेटचे. चाळीशीच्या पुढच्यांचे वेगळे सामने असतात, त्यांचेही सेट येतात. पूर्वी आम्ही एक्सएलपर्यंत कटिंग करायचो, आता फोर एक्सएलचे साचे कायम टेबलावर असतात. आपल्या मुंबईत मोठा माणूस एका रंगाचा कपडा घालून घोळक्यात उभा राहतो हे नवीन नाही. फक्त क्रिकेटचं आलं की लोक वय मोजतात.

आता तुमच्या जर्सीबद्दल. २०११ची फुटपाथची म्हणजे नाव-नंबर विनाइलचा, प्लास्टिकच्या पातळ थराचा असणार, हीट प्रेसने चिकटवलेला. त्यावर इस्त्री फिरली की ते तडकतं, मग एकेक अक्षर सुटतं. हल्ली सब्लिमेशन करतो. डिझाइन आधी खास शाईने कागदावर छापतो, मग साधारण दोनशे डिग्रीला कापडावर दाबतो, शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. ती सुटत नाही, कारण वर थर असा नसतोच. सुती कापडावर मात्र ते बसत नाही. जर्सी कुठलीही असो, उलटी करून थंड पाण्यात धुवा, उन्हात वाळत घालू नका, छपाईवर इस्त्री नको.

जुनं विनाइल काढून नवीन लावता येतं. पण एक सांगून ठेवतो, इतक्या वर्षांनी आजूबाजूचं कापड उतरलेलं असतं, अक्षराखालचं नाही. त्यामुळे काढलं तरी दहाची सावली तिथे दिसत राहते. आणि बोर्डाचं चिन्ह किंवा कंपनीचा मार्क आम्ही छापत नाही, तो त्यांचा ट्रेडमार्क आहे. नाव-नंबरला या, पैसे घेणार नाही.

बसवाला वडाळा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस ड्यूटी दुपारची होती, आज निवांत लिहितोय.

प्रिंटवाले दादा, तुम्ही न बघता ओळखलंत. नावातली तीन अक्षरं गळाली आहेत आणि शून्याला मधोमध भेग आहे. इस्त्री मीच फिरवायचो, कडक, खाकीला फिरवतो तशी. मला वाटायचं तीच काळजी.

काल रात्री जेवणं झाल्यावर मुलीला हा धागा वाचायला दिला. तिने पूर्ण वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, वयाचं माझ्या तोंडून भलतंच निघालं." तिच्या ऑफिसात कुणीतरी फुटपाथच्या जर्सीतल्या एका माणसाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता आणि सगळे त्याला हसले होते. त्या ग्रुपमधले दोघं आमच्याबरोबर येणार होते. माझ्या पाठीवरची गळालेली अक्षरं बघून ते मला हसतील आणि ते आपल्याला सहन होणार नाही, ही तिची भीती. ती मला लपवत नव्हती, झाकत होती. हे मला त्या दिवशी दारात कळलं असतं तर लोकलमध्ये मी असा गप्प बसलो नसतो. पण तिला मी हेही सांगितलं की हसणाऱ्यांसाठी कपडे बदलायचे नाहीत, माझेही नाहीत आणि तिचेही. त्यावर ती लगेच हो म्हणाली नाही. तिला तिथे रोज बसायचंय, ते मला समजतं.

ती नवीन घेऊन देते म्हणतेय. अधिकृत दुकानात खेळाडूंसारखी हवी तर बरीच महाग पडते. मी नको म्हटलं. दादा, तुमच्याकडेही नाव लावायला येत नाही, राग मानू नका. सावली राहते म्हणालात, ते वाचून असंच वाटलं की आहे ते असू दे. कॉलरच्या डाव्या बाजूची शिवण थोडी उसवली आहे, तेवढी बायकोने घालून दिली. मुलगी तेव्हा तिथेच धरून बसली होती.

नेरुळच्या ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. साडीवरच्या जर्सीचा प्रसंग मी डेपोत वाचून दाखवला. आमच्याकडे आता महिला कंडक्टर बऱ्याच आहेत. त्यातल्या एकीने लगेच विचारलं, पाच नंबर कुठे मिळाला?

दादरकर काका, तुमचं म्हणणं मी टाकून देत नाही. चार पावसाळे थांबून मिळालेली टोपी आणि एकशेऐंशीची जर्सी एका पारड्यात घालायची नाही, हे मला मान्य आहे. तुमची टोपी तुमच्या खेळाची आहे. माझी जर्सी मी बघत होतो त्याची आहे. २००७ला रिकाम्या गाडीत उभा होतो तेव्हा मीही वेगळा कपडा मागत होतो असं नाही, मला फक्त खाली उतरायचं होतं. पुढे रजा टाकून गेलो तेव्हा अंगात काय घालायचं याचा विचारही करावा लागला नाही, हात आपोआप तिच्याकडे गेला.

जुना दादरकर

नेरुळच्या ताईंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. माझ्या धाकट्या बहिणीचा थ्रो आमच्या गल्लीत सर्वांत लांब जायचा. तिची निवड व्हावी असं तेव्हा आम्हा भावांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. काल तिला फोन केला.

मी स्वतः जर्सी घालणार नाही, त्यात बदल नाही. पण शोभत नाही हा शब्द मी मागे घेतो.

बसवाले, पावसाळ्यात कांगा लीगच्या मॅच सुरू झाल्या की रविवारी मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असतो, उद्यान गणेश मंदिराच्या बाजूला. तिकीट नाही, रांग नाही. मुलीलाही आणा. ओल्या विकेटवर मीडियम पेसरला खेळणं काय असतं ते दाखवतो. पांढरी टोपी आणि काळी छत्री, एवढी माझी खूण.

बसवाला वडाळा

नक्की येतो काका. रविवारची सुट्टी जुलैत मला आहे, मुलगीही येते म्हणाली. काळ्या छत्र्या कट्ट्यावर पुष्कळ असतील, तुम्ही शोधत बसू नका. मी निळ्यात येतो, तुम्हाला लांबून दिसेन.